आत्याच्या गच्चीवरची पेटी

सातवी गच्ची रविवारी सकाळी गेली. औषधांच्या दुकानाचे मालक स्वतः सांगायला आले, हे त्यातल्या त्यात बरं. आधीच्या सहाजणांनी नुसते निरोप धाडले होते. मालक बसले नाहीत, चहाला नको म्हणाले आणि भिंतीकडे बघत एका दमात बोलून मोकळे झाले, "अप्पांना म्हणावं, आमच्या गच्चीवरची पेटी काढून घ्या. घाई नाही. या आठवड्यात कधीही."

"आमचं काही चुकलं का?" अप्पांच्या थोरल्या मुलीने विचारलं.

"छे हो, चुकायचं काय त्यात? पण आता रस्त्याच्या दिव्यावरूनच नेट घरात येतं, तेही फुकट. मग तुमची पेटी उगाच कशाला वागवायची?"

थोरली तक्रारीच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसत होती. पहिल्या दिवशी अप्पांनी सांगितलं होतं, फोन वाजला की उचलायचा, आणि काही सुचलं नाही तर 'आमचा माणूस निघालाय' म्हणायचं. या दोन नियमांवर तिची एकोणीस वर्षं निभावली होती. भांडकुदळ गिऱ्हाइकं, रडवी गिऱ्हाइकं, राउटरचा प्लग लावायलाच विसरलेली गिऱ्हाइकं, सगळ्यांना तिच्यापाशी उत्तर होतं. या माणसाची मात्र तक्रारच नव्हती. "सांगते अप्पांना," एवढंच ती म्हणाली.

अप्पांचा सगळा धंदा गच्च्यांवर उभा होता. वायर जमिनीखालून न्यायची तर रस्ता खणावा लागतो, रस्ता खणायला परवानगी लागते, आणि परवानगी मिळवण्यात माणसाचं अर्धं आयुष्य जातं. अप्पांनी वरून वाट काढली. गावातली उंच घरं हेरली आणि मालकांना जाऊन भेटले. तुमच्या गच्चीच्या कोपऱ्यात आमची एक पेटी राहील, तिच्यातून आजूबाजूच्या घरांत वायर जाईल. बदल्यात तुम्हाला नेट जन्मभर फुकट. कागद नाही, सही नाही. लोकांनी आनंदाने गच्च्या दिल्या, आणि अप्पा कुणाच्याही जिन्याने घरच्यासारखे चढू-उतरू लागले.

आठ महिन्यांपूर्वी पालिकेने एका बड्या कंपनीला हाताशी धरलं आणि दिव्यांच्या खांबांवर पांढरे डबे बसवले. अधूनमधून जाहिराती बघा आणि हवं तेवढं नेट फुकट वापरा. गिऱ्हाइकं गळणार हे अप्पांनी धरलंच होतं. गच्च्या गळतील हे मात्र त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. खरं तर हिशेब अगदी सोपा होता. गच्चीवाल्यांना ते फुकट नेटच देत होते, आणि तेच आता सगळ्या गावाला मिळत होतं. अप्पांची गच्च्यांना द्यायची वस्तूच कुणीतरी रस्त्यावर वाटून टाकली होती.

दुपारी घरचे पुढच्या खोलीत जमले. पुढची खोली म्हणजेच ऑफिस. आजोबांच्या काळात इथे रेडिओ दुरुस्त होत. मग अप्पांनी टीव्हीची केबल आणली, आणि मग नेट. एका भिंतीला मशिनांचं कपाट घरघरत असे. दुसऱ्या भिंतीवर अप्पांनी स्वतः काढलेला गावाचा नकाशा होता. त्यात रस्ते नव्हतेच, नुसत्या गच्च्या होत्या, आणि गच्चीगच्चीवर एकेक लाल टाचणी. औषधवाल्यांची टाचणी अप्पांनी उपटली आणि मुठीत धरून ते खुर्चीत बसले.

"पश्चिम बाजू संपली," ते म्हणाले.

अप्पांचा धाकटा मुलगा सकाळच्या गाडीने आला होता. तो मोठ्या शहरात जाहिरातींच्या एका कंपनीत होता, आणि अप्पांच्या मते सगळ्या पापाचं मूळ तिथेच होतं. आईने त्याच्यापुढे चहा ठेवला तेव्हा त्याने तिच्याकडे एकदा बघितलं. थोरलीच्या लगेच लक्षात आलं, या दोघांचं फोनवर आधीच ठरलंय.

"अप्पा, चिडू नका. आधी ऐकून घ्या," त्याने सुरुवात केली. "खांबांवरचे डबे बिघडतात. कंपनीला इथे ओळखीचा, माहितगार माणूस हवाय. मी बोललोय त्यांच्याशी. आपल्या गच्च्यांवर चढून वायरी जोडणाऱ्या शिडीवाल्या काकांना घेतील ते. आणि तुम्ही नुसती देखरेख करायची."

"कशाची देखरेख?"

"नेटची."

"त्यांच्या?"

"नेट सगळं सारखंच असतं, अप्पा."

"मग ते फुकट कसं देतात, हे तूच सांग. तू त्या धंद्यातला. वायरीला खर्च नाही? मशिनांना नाही? की विजेचं बिलही त्यांना कुणी फुकट भरून देतं?"

धाकट्याने कप खाली ठेवला. "ते नेट विकतच नाहीत. नेट वापरणारी माणसं जाहिरातवाल्यांना विकतात. कोण काय बघतो, किती वेळ बघतो, काय घ्यायच्या बेतात आहे. त्यांचा माल वेगळा आहे. म्हणून तर त्यांच्याशी भावात झुंजता येत नाही. तुम्ही ज्या वस्तूचे पैसे घेता, ती त्यांच्या लेखी दुकानाची पायरी आहे. पायरीचे पैसे कोण घेतं?"

"वा! बावीस वर्षं मी पायऱ्या विकल्या म्हणायच्या," अप्पा म्हणाले. "आणि तू माणसं विकतोस. बरा संसार चाललाय आपला."

आई हसली नाही. थोरलीला हसू आलं आणि मग लगेच वाईट वाटलं, कारण अप्पांचा हात मुठीतल्या टाचणीवर इतका आवळला गेला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"एकसष्ट घरं," अप्पा म्हणाले. "पूर्वेला अजून एकसष्ट घरं आपली आहेत. दारापुढच्या खांबावर फुकट नेट लटकत असताना आपली आहेत. का? कारण नेट गेलं की त्यांना माणूस लागतो. खांबाला तक्रार सांगता येते का? खांब म्हणतो का, काकू, घाबरू नका, आमचा माणूस निघालाय? ही एकसष्ट घरं आहेत तोवर मी दुकान बंद करणार नाही. मग तू मला म्हातारा म्हण, हट्टी म्हण, काय वाटेल ते म्हण."

"त्यातली किती घरं आपलं नेट खरंच वापरतात, ते बघितलंय का कुणी?"

अप्पांनी थोरलीच्या स्क्रीनकडे बोट केलं. "हिरवे दिवे लागलेत ना सगळे?"

"लागलेत," थोरली म्हणाली.

"मग वापरतात."

हिरव्या दिव्याचा अर्थ एवढाच की त्या घरातला राउटर चालू आहे. तो आठ महिने नुसता कोपऱ्यात चालू असेल तरी दिवा हिरवाच दिसतो. हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं आणि अप्पांनाही असायला हवं होतं. कुणाच्या घरात किती नेट जातंय तेही दोन बटणं दाबली की कळलं असतं. तिने ती बटणं आठ महिन्यांत एकदाही दाबली नव्हती. धाकट्याने तिच्याकडे बघितलं. तिने नजर चुकवली आणि गप्प राहून ती अप्पांच्या बाजूला जाऊन बसली.

"आणि पूर्व हलायची नाही," अप्पा आता जरा सैलावून बोलत होते. "पूर्वेची सगळी वायर अक्काच्या पेटीतून जाते. ती गच्ची आपल्या घरची आहे."

अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण, मुलांची आत्या. तिचं घर पूर्वेकडच्या चढावर, सगळ्यांत उंच. कपाटाएवढी मोठी पेटी तिच्या गच्चीवर बावीस वर्षं उभी होती. आत्याला बैठकीला बोलावलं होतं, आणि ती गुडघे सांभाळत सावकाश येईपर्यंत सगळ्यांचं निम्मं बोलून झालं होतं. दारात तिची चाहूल लागली तशी आई उठली, आणि अप्पांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा जरा उजेड आला.

"ये, अक्का. बस. या पोराला जरा सांग. माझं तर हा ऐकत नाही."

आत्या बसली. पाणी प्यायली. पेला खाली ठेवायला तिने गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला.

"मी पालिकेच्या कागदावर सही केलीय," ती म्हणाली. "गुरुवारी. पूर्वेकडचा मोठा डबा ते माझ्या गच्चीवर बसवणार आहेत. उद्या दहा वाजता माणसं येतील. तोवर गच्ची मोकळी करून हवीय त्यांना."

मशिनांच्या कपाटाची घरघर एवढी मोठी आहे, हे थोरलीला त्या दिवशी प्रथम कळलं.

"तू?" अप्पा म्हणाले. "अक्का, तू?"

"हो."

"अगं, गावातलं पहिलं फुकट कनेक्शन मी तुझ्या घरात दिलं! पहिलं! परक्यांना द्यायच्या आधी. बावीस वर्षं. तुला कशाची कमी पडू दिली मी?"

"कुठलं कनेक्शन?" आत्याने विचारलं.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती पुढे हळूहळू बोलत राहिली. तिच्या यजमानांचा कॉम्प्युटर होता तेव्हा वायर त्याला जोडलेली होती. ते गेले. वर्षभराने कॉम्प्युटर शाळेला देऊन टाकला. वायरीचं टोक तेव्हापासून कपाटाच्या मागे गुंडाळून ठेवलंय. मग सगळ्यांकडे ते राउटर की काय आले. तिच्याकडे आला नाही.

"आला नाही म्हणजे?" धाकटा म्हणाला. "ताई?"

राउटर आले तेव्हा वाटायची यादी थोरलीनेच केली होती. ज्यांनी फोन करून मागितला त्यांची नावं तिने लिहिली. आत्याने फोन केलाच नव्हता. उलट आत्याचं घर म्हणजे ऑफिसातलं कौतुकाचं उदाहरण होतं. एखादं गिऱ्हाईक फार कटकट करायला लागलं की थोरली फोन ठेवून म्हणायची, आमच्या आत्याकडे बघा, इतक्या वर्षांत एक तक्रार नाही. एकोणीस वर्षं तिने तो आकडा मिरवला होता. घरात नेटच नाही, तर तक्रार कशाची येणार?

"अगं, मग सांगायचं नाही का?" अप्पांचा आवाज फाटला. "एक शब्द टाकला असतास तर धावत आलो असतो!"

"आला असतास. माहीत आहे मला," आत्या म्हणाली. "पण अरे, ज्याने मागितलं त्याला दिलं, हे तर गिऱ्हाइकाचं झालं. मला वाटायचं, वर पेटीपाशी येतोस तसा एकदा मधल्या मजल्यावर थांबशील. दार ढकलशील. विचारशील, अक्का, चालतंय का गं? तू दर वेळी घाईत. मग पाय दुखायला लागल्यावर तुझा शिडीवाला यायला लागला. तो बिचारा भला माणूस. पण बावीस वर्षं माझ्या जिन्याच्या दाराला आतून कडी नाही. घर माझं आणि जिना तुमचा."

आत्याने पिशवीतून आपला फोन काढून टेबलावर ठेवला.

"मागच्या महिन्यात शेजारच्या बाईंनी माझ्या फोनवर ते खांबावरचं नेट लावून दिलं. लेकीने परदेशातून व्हिडिओ कॉल केला. नात सहा वर्षांची झाली. पहिल्यांदा हलताना-बोलताना बघितली मी तिला. पुढचे दोन दात पडलेत. मग पालिकेची माणसं आली. त्यांनी विचारलं, आजी, वरच्या त्या पेटीचा तुम्हाला काही त्रास होतो का? मला हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी सही करून टाकली. तुला आधी सांगायला हवं होतं, ते चुकलं माझं."

अप्पा उठले आणि नकाशापाशी जाऊन उभे राहिले. त्यांची पाठ सगळ्यांकडे होती.

"घरचा भेदी म्हणणार होतो," ते भिंतीला म्हणाले. "तेवढीही सोय ठेवली नाहीस."

"अहो, पुरे," आई म्हणाली. आतापर्यंत ती एक अक्षर बोलली नव्हती, आणि ती बोलली की या घरात सगळे थांबत. "वन्संना बोलू नका. तुम्ही केबल आणलीत तेव्हा याच खोलीत मामंजींच्या टेबलावर रेडिओ पडून राहिले. वर्षभर कुणी न्यायला आलं नाही. ते रोज सकाळी येऊन बसायचे, पुसून ठेवायचे. तुम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट पहिली वायर ओढताना शिडी त्यांनी धरली होती. मी बघितलंय."

"माहीत आहे मला," अप्पा म्हणाले.

"मग झालं तर."

आईने धाकट्याची बाजू घ्यायची ठरवून बैठक भरवली होती. आता ती नक्की कुणाच्या बाजूने होती, सांगणं कठीण होतं. आपलंच म्हणणं खरं ठरलं याचा आनंद धाकट्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता. तो खाली मान घालून गार झालेला चहा ढवळत बसला.

थोरली आत स्वयंपाकघरात गेली, तर पाठोपाठ आत्या आली. थोरलीला तिच्याकडे बघवेना.

"आत्या, यादी मी केली होती."

"असेल."

"माझ्या मनातच आलं नाही गं. तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक, असंच धरून चालले मी."

"तू त्याचीच मुलगी," आत्या म्हणाली. तिने थोरलीच्या हातातली चहाची भांडी काढून घेतली आणि स्वतःच विसळायला लागली. "रडू नकोस. मीही काही कमी नाही. तोंड फिरवून बसले. एक फोन केला असता तर काय माझी जीभ झडली असती? पण नाही केला. आपल्या घराण्यात सगळ्यांना वाटतं, समोरच्याला न सांगता कळावं."

थोरली तिच्या खांद्यावर डोकं ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली. नळ वाहत होता, तो बंद करायचं दोघींनाही सुचलं नाही.

बाहेरून अप्पांचा आवाज आला. ते शिडीवाल्या काकांना फोनवर सांगत होते, "उद्या साडेनऊला. हो, मोठी पेटी. नाही, तू नुसता शिडी धर. मी चढणार आहे."

यावर मात्र सगळं घर एकदम बोलायला लागलं. अप्पा एकाहत्तर वर्षांचे, सहा वर्षांत गच्ची बघितलेली नाही, गुडघ्यांत बळ नाही. अप्पांनी कुणालाच दाद दिली नाही. लोकांना आधी कळवू या, निदान एक मेसेज तरी टाकू, असं धाकटा म्हणाला, तर तेही त्यांनी उडवून लावलं. "मेसेज टाकून काय सांगू? उद्यापासून आम्ही नाही? ते मी प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगणार. उद्या बंद पडलं की फोन येतीलच. थोरली सगळ्यांचं ऐकून घेईल, म्हणेल, अप्पा स्वतः येताहेत. एकसष्ट घरं म्हणजे आठवडा पुरेल मला." मग जरा थांबून ते थोरलीला म्हणाले, "उद्या दोन माणसं बसा फोनवर. एकटीला झेपायचं नाही."

सोमवारी थोरली नेहमीपेक्षा अर्धा तास आधी येऊन बसली. धाकट्याने परतीची गाडी सोडली होती. त्याने खुर्ची ओढून तिच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मांडली, एक कोरा कागद घेतला, वर तारीख घातली. दोघं लहानपणी याच टेबलाखाली शाळा-शाळा खेळत.

"तुला काय वाटतं, किती येतील?" त्याने विचारलं.

"शिवणाच्या वर्गवाल्या बाई पहिल्या. त्यांना पाच मिनिटंही धीर नसतो. मग दवाखाना. मग तो छापखाना, तो शिव्या देईल."

"मी घेतो छापखान्याचा."

पावणेदहाला तिचा मोबाइल वाजला. वाऱ्याचा आवाज येत होता आणि अप्पांना धाप लागली होती. "पोचलो वर. अक्काही आलीय, नको म्हणत होतो तरी. काढू का?"

"काढा, अप्पा," थोरली म्हणाली.

स्क्रीनवर एकसष्ट हिरवे दिवे एकदम लाल झाले. एवढ्या वर्षांत तिने इतकं लाल कधी बघितलं नव्हतं. नेहमी पाच-दहा लाल झाले तरी टेबलावरचा फोन नाचायला लागायचा. तिने रिसीव्हरवर हात ठेवला. धाकट्याने पेन उघडलं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. शिवणाच्या वर्गाची वेळ झाली, दवाखाना उघडायची वेळ होऊन गेली. धाकट्याने कागदावर उगाच एक चौकोन काढला आणि तो गिरवत बसला. थोरलीने रिसीव्हर उचलून कानाला लावून बघितला. फोन चालू होता. तिने तो परत जागेवर ठेवला, अलगद, जणू तेवढ्यात एखादा यायचा राहून जाईल. वीस मिनिटं झाली. आता तिच्या लक्षात आलं आणि तिने स्क्रीनवरून मान फिरवली. एकसष्ट घरांत नेट बंद पडलं होतं आणि एकाही घरात कुणाला पत्ता नव्हता. इतके दिवस ती माणसं पैसे भरत होती ती अप्पांसाठी, भिडेखातर. नेट खांबावरून घेत होती.

"ताई," धाकटा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "मला वाटलं होतं, निदान दहा तरी..."

तेवढ्यात मोबाइल पुन्हा वाजला. अप्पाच होते. थोरलीने धाकट्याला दाखवला आणि कानाला लावला.

"किती आले?" अप्पांनी विचारलं. आवाज मोठा होता, कामाच्या गडबडीतल्या माणसाचा असतो तसा. "शिवणवाल्या चिडल्या असतील ना? सांगितलंस का, मी स्वतः येतोय म्हणून?"

"हो, अप्पा. सांगितलं."

"आणि दवाखाना?"

"त्यांचाही आला. सारखे येताहेत. एक ठेवला की दुसरा."

तिकडे नुसता वारा ऐकू येत राहिला. मग अप्पा म्हणाले, "इकडे मला काही वाजलेलं ऐकू येत नाही, बाळ."

थोरलीला पुढचं खोटं सुचेना. तिने डोळे मिटून घेतले. धाकटा खुर्चीतून उठला, तीन पावलं मागे खिडकीपाशी गेला, आणि त्याने आपल्या मोबाइलवर एक नंबर दाबला.

टेबलावरचा फोन खणखणला.

"वाजतोय बघ," अप्पा लगबगीने म्हणाले. "उचल, उचल आधी. माझ्याशी काय बोलत बसलीस? लोक ताटकळलेत."

मोबाइल तसाच चालू ठेवून थोरलीने दुसऱ्या हाताने रिसीव्हर उचलला. समोर खिडकीपाशी धाकटा पाठमोरा उभा होता, खांदे हलत होते. अप्पांना ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, "बोला. काय तक्रार आहे?"

"नेट गेलंय आमचं," धाकटा म्हणाला. "कधी येणार?"

"आमचा माणूस गच्चीवरच आहे," थोरली म्हणाली. "तुम्ही फोन चालू ठेवा."